वरणाची विहीर

गेल्या वर्षी अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या अखजीला, ताईच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजली नाही. सकाळी साडेआठला गंज, म्हणजे पातेलं, गॅसवर चढला होता. दहा वाजता डाळीचे दाणे तळाशी वेगवेगळे होते, अकरालाही तसेच होते. पाण्यावर करडा फेस येत होता. ताईने तो तीनदा काढून टाकला. साडेअकराला शेजारच्या घरून वाटीभर वरण आणलं, पितरांच्या पत्रावळीवर भाताशेजारी वाढलं आणि नैवेद्य दाखवला. चिंचवणी आणि वडे घरचे होते.

त्या दिवशी मी तिथे होतो. डाळ बदलून पाहावी असं मी सुचवलं. ताई म्हणाली, "डाळ आपल्याच वावरातली हाये, बाबू. मागच्या आठोड्यात सेलूले पोरीकडं नेली तं तिच्या नळाच्या पान्यात दोन शिट्ट्यांत शिजली." मग तिने घागरीतलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात फिरवलं आणि अंगणात थुंकलं. मीही घेतलं. चव लगेच लागली नाही. गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडसर आणि खारट अशी दोन्ही लागली.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. तिचे यजमान गेल्यावर ती माहेरी परत आली. त्याला आता वीस वर्षं होतील. वडिलांनी हयातीतच तीन एकर तिच्या नावे करून दिले होते. गाव सेलू आणि केळझर यांच्या मध्ये आहे. त्या तीन एकरांत संत्र्याची बाग आहे आणि बागेच्या मधोमध विहीर. मी वर्ध्याला नालवाडीत राहतो. एका वर्तमानपत्रासाठी मी तीस वर्षं बातम्या लिहिल्या, आधी तालुक्याच्या, नंतर जिल्ह्याच्या. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. या हकिकतीत तिसरा माणूस आहे तो दादा, मोठ्या काकांचा मुलगा. त्याचं शेत ताईच्या शेताला लागून, बांधाच्या वरच्या अंगाला आहे. पाऊस पडला की त्याच्या शेतातलं पाणी ताईच्या बांधाकडे येतं. हा उतार आमच्या जन्माच्या आधीपासूनचा आहे आणि त्यावरून दोन घरांत कधी शब्द झाला नव्हता.

आमच्या गावात विहिरीच्या पाण्याची एकच परीक्षा असे. डाळ. एका विहिरीचं पाणी कपड्याला चांगलं, एकीचं जनावरांना, पण ज्या पाण्यात तुरीची डाळ फुटते ते गोडं. वडिलांनी खोदलेल्या या विहिरीला पाणी लागलं तेव्हा खोदणाऱ्यांनी नारळ फोडला आणि आईने त्याच संध्याकाळी त्या गढूळ पाण्याला तुरटी फिरवून डाळ टाकली. ती तीन उकळ्यांत फुटली असं आई सांगत असे. पुढे गावात कुणाचं लग्न असलं की आचारी आदल्या दिवशी टाकी घेऊन आमच्या शेतात येत. भात कुठल्याही पाण्याचा चालेल, वरण याच पाण्याचं, असं त्यांचं म्हणणं असे. विहिरीला नावच पडलं होतं, वरणाची विहीर. ताईने बाग लावली ती याच पाण्याच्या भरवशावर. संत्र्याला खारं पाणी सोसत नाही, हे आमच्या भागात शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत असतं.

तीन वर्षांपूर्वी पोळा झाल्यावर दादाने शेततळ्यात कोळंबी सोडली. शेततळं आधीचंच होतं. त्यात दोन वर्षं त्याने रोहू, कटला केले होते, पण ते गावोगाव सगळेच करू लागले होते. कोळंबीला आमच्याकडे झिंगे म्हणतात आणि झिंगे म्हणजे बाजारात मिळणारे वाळलेले, एवढीच ओळख. जिवंत झिंगे गावाने पहिल्यांदा दादाच्या तळ्यात पाहिले. एक माणूस आंध्रातून आला, पंधरा दिवस राहिला आणि सगळं शिकवून गेला. तळ्याला नवा प्लॅस्टिक कागद अंथरला. पाणी घुसळणारी चार चाकं बसली. मग मीठ आलं.

खडे मिठाचा ट्रक शेतात रिकामा होत होता तेव्हा बांधावर दहा-बारा माणसं उभी होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "काऊन बे, लोनचं घालून राह्यला का साऱ्या तालुक्याचं?"

दादा म्हणाला, "हो. पह्यली फोड तुह्यीच टाकतो. ये, उतर खाली."

सगळे हसले. मीही हसलो. मी तिथे बातमीसाठी गेलो होतो. समुद्रापासून इतक्या दूर कोळंबी ही बातमी होतीच. समुद्राच्या पाण्याची थोडी तरी खार असल्याशिवाय ही कोळंबी वाढत नाही. म्हणून गोड्या पाण्यात मीठ टाकतात आणि त्याशिवाय दोन-तीन प्रकारच्या क्षारांच्या पुड्या. हे मला त्या दिवशी दादानेच समजावून सांगितलं.

मी विचारलं, "हे पाणी शेवटी जातं कुठे?"

"कुठी जाईन? कुठीच नाई. खाली कागद हाये. ताटातलं वरन ताटातच राह्यते."

"कागद फाटला तर?"

"तुह्या पेपरचा कागद नाई हा. दाबून पाह्य."

मी बातमी लिहिली. तिच्यात एक वाक्य होतं: या प्रकल्पाचा भूजलावर कोणताही परिणाम होत नाही, असे त्यांनी सांगितले. रकान्यात बातमी एका ओळीने जास्त होत होती. त्या वेळी पान मीच पाहत होतो. मी शेवटचे तीन शब्द काढले. छापून आलं ते असं: या प्रकल्पाचा भूजलावर कोणताही परिणाम होत नाही. त्या दिवसाचं पान माझ्याकडे आहे. काटछाट माझ्या हाताची आहे.

पहिलं पीक मार्गशीर्षात निघालं. जाळ्यात चांगला माल आला. बर्फाच्या पेट्या भरून गाडी त्याच दुपारी नागपूरकडे गेली. दादाने घरोघरी वाटीवाटी झिंगे पाठवले. ताई माळकरी नाही, पण मांस-मासळी तिने सोडलेली आहे. तिने वाटी घेतली आणि वाटीत गूळ घालून परत पाठवली, रिकामी वाटी परत करायची नाही म्हणून. तळ्याचं पाणी नाल्यात सोडलं. नाला ताईच्या बांधाला लागून वाहतो. "बागेले घेतं का, खताचं पानी हाये," असं दादाने तिला विचारलं होतं, पण त्या दिवसांत झाडं ताणावर होती. आंबिया बहार धरायचा असला की थंडीत झाडाला पाणी तोडतात. म्हणून ती नको म्हणाली. त्यानंतर आठवडाभर नाल्यावर गाई पाण्याला तोंड लावून मागे सरत होत्या. गुराख्याने ते ताईला सांगितलं. ताईने वास असेल म्हणून सोडून दिलं.

रिकाम्या तळ्याच्या तळाशी वीतभर गाळ राहिला. काळा, गुळगुळीत, उग्र वासाचा. थंडी संपेपर्यंत तो वाळला आणि त्याला भेगा पडल्या.

इथे आमच्याकडची एक रीत सांगणं भाग आहे. उन्हाळा लागला की गावतलाव आटतो आणि लोक त्यातला गाळ काढून शेतात नेतात. आधी बैलबंडीने नेत, आता ट्रॅक्टरने. तलावाचा गाळ म्हणजे पावसाने आपल्याच शेतातून वाहून नेलेली माती. ती परत आणायची, एवढाच हिशेब. गाळ विकत नाहीत आणि मागितला तर नाही म्हणत नाहीत. पहिल्या खेपेला घरातली बाई हळदकुंकू वाहते. ज्याच्या वावरात गाळ पडला त्याचं पुढचं पीक डोळे मिटून चांगलं मानतात. गाळ वाईट असू शकतो, असं आमच्या गावात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

फाल्गुनात ताई बांधावर गेली. मी बरोबर होतो. दादा तळ्याच्या काठावर उभा राहून आतला कागद तपासत होता.

"दादा, या गाळाचं काय करून राह्यला तू?"

"काय करतो? काढाचा हाये. झिंग्याचं दुसरं बीज येऊन राह्यलं पाडव्याले."

"मंग मले दे ना. बागेतल्या आळ्याइले टाकीन."

दादाने लगेच उत्तर दिलं नाही. तळ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. हे मला आठवतं, कारण दादा बोलायला कधी थांबत नसे.

"ने ना," तो म्हणाला. "इचारतं काय? परक्याचा हाये का?"

"वास लय येऊन राह्यला, माय व!"

"वास हाये म्हनूनच खत हाये. अत्तर टाकून संत्र वाढलं असतं तं मी अत्तरच इकलं असतं."

ताई हसली. ट्रॅक्टर दादानेच दिला, चालकासकट. तीन दिवस ट्रॉल्या बांध ओलांडून येत होत्या. पहिल्या ट्रॉलीला ताईने हळदकुंकू लावलं आणि चालकाला गूळपोळी दिली. प्रत्येक झाडाच्या आळ्यात दोन-दोन टोपली गाळ पडला. उरलेला विहिरीच्या काठाजवळ ढीग करून ठेवला, मृगाला कामी येईल म्हणून. मी दुसरी बातमी दिली. मथळा होता: कोळंबी तळ्याचा गाळ शेतकऱ्यांना मोफत. सोबत छायाचित्र होतं, ट्रॉलीजवळ उभ्या ताईचं.

त्या तीन दिवसांत दादाने स्वतःच्या शेतात एकही टोपली टाकली नाही. त्याचा कापूस निघून गेलेला होता आणि जमीन रिकामी होती. हे मी पाहिलं होतं. लिहिलं नव्हतं, विचारलंही नव्हतं.

त्या पावसाळ्यात बागेतल्या आळ्यांत पाणी साचून राहू लागलं. काळी जमीन एरवी पाणी पिते, पण या वेळी ती चिकट गोळ्यासारखी झाली. आश्विनात ऊन पडल्यावर आळ्यांच्या काठावर पांढरी रेघ दिसू लागली, चुलीतली राख सांडल्यासारखी. पानांच्या कडा टोकाकडून जळायला लागल्या. आधी तपकिरी, मग कागदासारख्या. सेलूच्या कृषी केंद्रातून दोन औषधं आणून फवारली. दुकानदाराने रोग म्हणून सांगितलं. फवारण्यांनी फरक पडला नाही. थंडीत झाडं ताणावर सोडली, माघात पाणी दिलं, बहार आला आणि वाटाण्याएवढी फळं होऊन गळून पडली. पाणी विहिरीचंच दिलं होतं. त्या वर्षभरात दादाची आणखी दोन पिकं निघाली होती आणि दोन्ही वेळा तळं त्याच नाल्यात रिकामं झालं होतं.

मग अखजी आली आणि डाळ शिजली नाही.

सण झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी चार बाटल्या भरल्या. एक ताईच्या विहिरीची, एक गावच्या हातपंपाची, एक दादाच्या घरच्या विहिरीची, जी वरच्या अंगाला आहे, आणि एक पिशवीभर माती बागेतली. खरं म्हणजे तीन बाटल्या आणि एक पिशवी. वर्ध्याला प्रयोगशाळेत खिडकीवरच्या माणसाने विहिरीच्या पाण्यात यंत्राची कांडी बुडवली, आकडा पाहिला, कांडी धुतली आणि पुन्हा बुडवली.

"गाव कोणतं म्हटलं, काका?"

मी सांगितलं.

"समुद्र कधी आला तिकडं?"

अहवाल बाराव्या दिवशी मिळाला. हातपंपाचं पाणी योग्य. दादाच्या घरच्या विहिरीचं योग्य. ताईच्या विहिरीचं पाणी पिण्यास अयोग्य, सिंचनास अयोग्य. क्षार जास्त, कठीणपणा जास्त. मातीच्या रकान्यात खारवट असं लिहिलं होतं. कठीणपणा जास्त असला की डाळ शिजत नाही. हे मला तिथल्या बाईंनी सांगितलं. मी त्यांना म्हटलं, हे आमच्या आईला माहीत होतं.

अहवाल ताईला वाचून दाखवला. तिने दोनच प्रश्न विचारले. हे परत गोडं होईल का, हा पहिला. मी प्रयोगशाळेत विचारून आलो होतो. मिठाची आवक पूर्ण थांबली, गाळ खरवडून बाहेर नेला आणि चांगले पावसाळे झाले तर काही वर्षांत होऊ शकेल, असं तिथे सांगण्यात आलं होतं. किती वर्षांत, ते त्यांनी सांगितलं नाही. ताईचा दुसरा प्रश्न होता, "दादाले माहीत होतं?"

आम्ही त्याच्याकडे गेलो.

दादाच्या घरी बैठकीच्या खोलीत भिंतीवर तीन चौकटी होत्या. एक देवाची, एक काकांची. तिसरीत माझ्या पहिल्या बातमीचं कात्रण होतं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं. वहिनींनी पाणी आणून ठेवलं. ताईने पेला उचलला, चव घेतली आणि खाली ठेवला. पाणी गोडं होतं.

मी अहवाल समोर ठेवला. दादाने तो उलटसुलट करून पाहिला.

"मंग? मी का करू?"

ताई म्हणाली, "दादा, त्या गाळात मीठ होतं का?"

"मी तुले बलावलं होतं का ने म्हनून? तूच मांगला."

"मी मांगला. तेच इचारून राह्यली. होतं का?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या नाहीत.

दादा म्हणाला, "पोत्यानं मीठ टाकलं मी तळ्यात. सारं गाव पाहत होतं. लोनच्याचा जोक कोनं मारला? मीठ टाकलं तं मीठ कुठी जाईन? झिंगे खातेत का?"

मी विचारलं, "आंध्रच्या माणसाने गाळाबद्दल काही सांगितलं होतं?"

"सांगतलं होतं. विहिरीपासून दूर खड्डा करजो, त्यात टाकजो म्हने. खड्डा कराले जागा लागते. जागा कुठी हाये?"

"मग ताईला का नाही सांगितलं?"

"तिनं इचारलं नाई." मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "अन् तू तं होता ना उभा. पेपरवाला. तुनं काऊन नाई इचारलं?"

ताई उठली. दादाने तिला हाताने थांबवल्यासारखं केलं. "चार घागरी पानी घे ना माह्या घरून. घरच्या विहिरीचं. पायप टाकून देतो. मी नाई कुठी म्हनलो?"

"बागेले पुरीन का पायपाचं?"

दादाने अहवाल घडी करून परत दिला. ताई म्हणाली, "राखी बांधताना दर सालले तू म्हनत होता, काई लागलं तं सांगजो. मले काईच नोतं लागत. विहीर होती माही." मग ती चप्पल घालून बाहेर पडली. वहिनी तिच्यामागे अंगणापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

ताईने तालुक्याच्या कार्यालयात अर्ज दिला. मागण्या तीन होत्या. तळ्याचं पाणी नाल्यात सोडणं थांबवावं, बागेतला गाळ दादाच्या खर्चाने काढावा, आणि विहिरीची सरकारी तपासणी व्हावी. अर्ज मी लिहून दिला. अर्जाची भाषा मला येते.

पावसाळ्याच्या तोंडाशी दोन अधिकारी पंचनाम्याला आले. त्यांनी तळं पाहिलं, कागद पाहिला. कागद कुठेही फाटलेला नव्हता. दादाचं म्हणणं त्या बाबतीत खरं निघालं. नंतर बाग पाहिली. झाडं मोजली. एकाने आळ्याच्या काठची पांढरी माती बोटावर घेऊन पाहिली आणि रुमालाला बोट पुसलं. मग दादाने प्लॅस्टिकची एक फाईल दिली. तिच्यात माझी दोन्ही कात्रणं होती. पहिल्या कात्रणातल्या एका ओळीखाली पेनने रेघ होती. दुसऱ्यात ताईचं छायाचित्र होतं, ट्रॉलीवर हात ठेवून, हसताना.

"हा फोटो तुमचाच ना, मावशी?" अधिकाऱ्याने विचारलं.

"हो, माहाच."

"मर्जीनं नेला ना गाळ?"

"मर्जीनंच."

"पुरावा सांगतो, तुम्ही स्वतः नेला. पेपरात आहे."

"पेपर माह्या भावानंच छापला, साहेब. तो हा उभा."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हटलं. पहिल्या बातमीतलं ते वाक्य माझं मत नव्हतं, दादाचं विधान होतं, हेही मी सांगितलं. अधिकारी म्हणाला, "तसं छापलेलं नाही." ते बरोबर होतं.

पंचनाम्यावर ताईने सही केली. ती वाचून मगच सही करते. एक वाक्य तिने दोनदा वाचलं: सदर गाळ अर्जदाराने स्वेच्छेने व विनामूल्य नेला असल्याचे दिसून येते. तिने विचारलं, "हे खरं हाये ना, बाबू?" मी म्हटलं, खरं आहे. तिने सही केली.

त्यानंतर मी माझ्या जुन्या कार्यालयात गेलो. ज्या खुर्चीवर मी बसत असे तिथे आता दुसरे गृहस्थ बसतात. सभ्य आहेत. मी चार ओळींचा खुलासा लिहून नेला होता: भूजलावर परिणाम होत नाही हे विधान प्रकल्पधारकाचे होते, वर्तमानपत्राने त्याची पडताळणी केली नव्हती. त्यांनी तो वाचला. बातमी जुनी आहे, आता वाचकांच्या लक्षातही नसेल, आणि वाद सरकारी कार्यालयात आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी खुर्चीवर असतो तर हेच म्हटलं असतं. तशी उत्तरं मी लोकांना दिलेली आहेत. चहा आला, तो घेतला आणि निघालो. खुलासा आजपर्यंत छापून आलेला नाही.

घरी आल्यावर ताईचा फोन आला.

"छापते का?"

"नाही."

"मंग तुह्या पेपरात खोटं छापलेलं खोडाची काई सोय नाई का?"

"आहे. लवकर सांगावं लागतं."

"मले कुठी माहीत होतं लवकर," ती म्हणाली.

गाळ खरवडण्याचा प्रयत्न तिने मजूर लावून केला. वरचा थर निघाला. खाली उतरलेला उतरलाच होता. पावसाळा बरा झाला. त्या पावसाळ्यात दादाने तळं पुन्हा भरलं आणि रिकामं केलं. पाणी नाल्यातच गेलं. कार्तिकात मी पुन्हा बाटली भरून नेली. आकडा थोडा खाली आला होता. पाणी अयोग्यच होतं. पौषापर्यंत बागेतली निम्मी झाडं शेंड्याकडून वाळली.

माघात अर्जाचं उत्तर आलं. टपालाने आलं, एका पानाचं. सरकारी तपासणी झाली नव्हती, खाजगी नमुन्याचा अहवाल ग्राह्य धरता येत नाही असं त्यात होतं. तळ्याला गळती आढळली नाही. गाळ स्वेच्छेने नेलेला आहे. उभय पक्ष एकाच कुटुंबातील असल्याने आपसात मिटवावे. अर्ज निकाली काढण्यात आला. सोबत जोडलेल्या कागदांच्या यादीत तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर माझी कात्रणं होती, तारखांसह.

त्याच महिन्यात गावात एक लग्न ठरलं. आचारी नवा होता, केळझरकडचा. त्याला कुणीतरी जुनी माहिती दिली होती. तो टाकी घेऊन ताईच्या शेतात आला.

"काकू, वरनासाठी पानी पाह्यजे होतं. इथलंच घेजो म्हने."

ताई म्हणाली, "आता नाई ते पानी. हातपंपावर जा."

"आटली का विहीर?"

"आटली नाई."

तो काठावर जाऊन वाकून पाहून आला. "भरून हाये ना, काकू!"

"हो. भरून हाये." तिने त्याला हातपंपाची वाट दाखवली.

फाल्गुनात दादाने दुसरं तळं खोदलं, पहिल्यापेक्षा मोठं, बांधाच्या आणखी जवळ. मिठाचा ट्रक आला तेव्हा बांधावर कुणी नव्हतं. राखी गेल्या श्रावणात बांधली गेली नाही. ताई गेली नाही आणि दादाने बोलावलं नाही. वहिनी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन ताईकडे आल्या, अर्धा तास बसल्या आणि गेल्या. त्या काय बोलल्या ते मला ठाऊक नाही.

या वर्षीच्या अखजीची घागर ताईने हातपंपावरून भरली. त्यानंतरच्या सोमवारी सेलूहून मिस्त्री आला. त्याने विहिरीवरचा पंप सोडवला आणि दोन माणसांच्या मदतीने वर काढला. पंप आता घरी अंगणात, पोत्याखाली ठेवलेला आहे. मिस्त्रीने दोर सोडून पाणी मोजलं. विहिरीत अकरा हात पाणी होतं.